घरून काम: आधी घराचं टाइमटेबल लिहून काढा

घरून काम करणाऱ्याचं गाडं अडलं की मिळणारे सल्ले ठरलेले असतात. पहाटे उठा, ध्येय कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, मन खंबीर करा. असे सल्ले देणाऱ्यांच्या घरी बहुधा नळाला चोवीस तास पाणी असतं आणि भांड्याच्या मावशी कधी दांडी मारत नाहीत.

काम न होण्याचं खरं कारण आळस असतं, असं फार कमी वेळा दिसतं. घराला स्वतःचं एक टाइमटेबल असतं. ते तुमच्या नोकरीच्या कितीतरी आधीपासून चालू असतं, फक्त कुणी कागदावर उतरवलेलं नसतं. त्यावर ऑफिसचं टाइमटेबल आणून आदळलं की दोन्हीकडची कामं अर्धवट राहतात, आणि रात्री वाटतं, दिवसभर राबलो पण झालं काय? असे चार दिवस गेले की पाचव्या दिवशी लॅपटॉप उघडायची इच्छाच उरत नाही. त्यालाच आपण 'मोटिव्हेशन गेलं' म्हणतो. ते गेलेलं नसतं, सारखं उठून दार उघडण्यात खर्ची पडलेलं असतं.

म्हणून पहिलं काम वही-पेन्सिलीचं.

आठवडाभर नुसती नोंद

वहीच्या दोन समोरासमोरच्या पानांवर सात वारांचे सात रकाने आखा. सकाळी ७ ते रात्री ९, अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी. एक आठवडा काही सुधारायला जाऊ नका, फक्त लिहा. जे कानावर पडतं आणि जे तुम्हाला खुर्चीतून उठवतं, ते सगळं. घंटागाडीचं गाणं, पाणी सोडायची वेळ, टाकी भरली की मोटर बंद करणं, इस्त्रीवाला, कुरिअर, भांडी, शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिल, शाळेची व्हॅन, खाली चालणारं मुलांचं क्रिकेट, संध्याकाळच्या मालिका. उठावं लागलं तर 'उ', नुसता आवाज असेल तर 'आ'. एवढ्या दोन खुणा पुरतात.

शनिवारी वही उघडली की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. शाळेत जाणारं एक मूल आणि एक-दोन वडीलधारी माणसं असलेल्या घरात ते साधारण असं दिसतं: सकाळी साडेनऊपर्यंत धबडगा, १० ते पावणेअकरा मावशी, ११ ते साडेबारा शांत, मग स्वयंपाकाची आवराआवर आणि जेवणं, २ ते ४ पुन्हा शांत, साडेचारला मूल घरी, आणि तिथून पुढे दिवस आपल्या हातात नसतो. म्हणजे सलग म्हणावेत असे तास साडेतीन, तेही दोन तुकड्यांत. आकडा लहान वाटतो, पण ऑफिसातही दिवसाला साडेतीन तास कुणी न बोलवता, सलग मिळत होते का, हे एकदा प्रामाणिकपणे आठवून बघा.

बहुतेकांची चूक इथेच होते. शांत तुकड्यात मेल साफ केल्या जातात, कारण ते सोपं असतं, आणि डोकं लागणारं काम साडेचारनंतर काढलं जातं, जेव्हा दारात चपलांचा ढीग आणि आत दप्तर पडलेलं असतं.

कामाचे तीन ढीग करा. डोक्याचं काम: लेखन, कोडिंग, हिशेब जुळवणं, डिझाइन, ज्यात मधेच उठलं तर धागा सुटतो. हाताचं काम: मेल, फाइलींची नावं, टाइमशीट, बिलं अपलोड करणं, जे कुकरच्या आवाजातही होतं. तोंडाचं काम: मीटिंग आणि फोन. डोक्याचं काम फक्त शांत तुकड्यात. हाताचं काम 'आ' खुणेच्या वेळेत. तोंडाचं काम शक्यतो शांत तुकड्याच्या शेवटी घ्या, मधोमध कधीच नको. ११ ते साडेबाराच्या तुकड्यात साडेअकराची पंधरा मिनिटांची मीटिंग आली, की दोन्ही बाजूंना उरलेले वेळाचे तुकडे कसल्याच कामाचे राहत नाहीत. मीटिंगची वेळ ठरवताना 'मला १२.१५ चालेल' असं आधीच कळवणारा माणूस दिवसाचा तास वाचवतो. बॉसने वेळ बदलली नाही, तर तो तुकडा गेला असं धरा आणि त्या दिवशी डोक्याचं काम दुपारी न्या.

कुकरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण घरोघरी हीच फसगत होते. कुकर लावून कामाला बसणं म्हणजे वेळेचा सदुपयोग, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात डाळ-भाताच्या तीन शिट्ट्या मोजायच्या असतात. पहिली शिट्टी होईपर्यंत कान स्वयंपाकघरात असतो. ती झाली की हात कीबोर्डवर आणि मन 'एक' या आकड्यावर. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये फोन वाजला तर 'दोन झाल्या की तीन?' असा प्रश्न पडतो आणि माणूस उठून गॅसपाशी जाऊन उभा राहतो. वीस मिनिटं टेबलाशी बसूनही काम एका ओळीचं होतं. कुकर हाताच्या कामाबरोबर लावा किंवा बसायच्या आधी उतरवून ठेवा. घरात दुसरं कुणी असेल तर शिट्ट्या मोजायचं काम त्यांच्यावर सोपवा, आणि सोपवल्यावर स्वतः मोजू नका. हे दुसरं जास्त अवघड.

जागा: खोली नसेल तर ट्रे तरी

घरून काम नीट होतं का, याची बऱ्यापैकी काटेकोर तपासणी एकदा झाली आहे. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीने शांघायच्या कॉल सेंटरमधल्या अडीचशेच्या आसपास कर्मचाऱ्यांवर नऊ महिने प्रयोग केला. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी त्याचा निबंध २०१५ मध्ये छापला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याची अट मात्र कुणी सांगत नाही: घरात स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड असणाऱ्यांनाच त्यात घेतलं होतं, आणि आठवड्यातला एक दिवस ऑफिसात जायचंच होतं. वन बीएचकेतल्या डायनिंग टेबलावर बसून १३ टक्क्यांची अपेक्षा ठेवली तर दोष आपल्यातच आहे असं वाटत राहणार.

खोली नसेल तर मांडामांड करा. एक पसरट ट्रे किंवा झाकणाचा डबा घ्या. त्यात चार्जर, माउस, हेडफोन, वही, पेन आणि चष्मा पुसायचं फडकं. सकाळी तो ट्रे टेबलावर आला की ऑफिस उघडलं, संध्याकाळी कपाटात गेला की बंद. जागा तीच राहते, पण टेबलावरचं सामान बदलतं, आणि घरातल्यांनाही न सांगता कळतं की आता काय चाललं आहे. चार्जरसाठी रोज तीन खोल्या फिरणं हा पंधरा मिनिटांचा खर्च आहे. शिवाय त्या फेरीत वाळत घातलेले कपडे दिसतात आणि ते काढले जातात.

बसण्याचं गणित थोडं किचकट आहे. डायनिंग टेबल साधारण २९ ते ३० इंच उंच असतं. ते ताटासाठी बनवलेलं असतं, टायपिंगसाठी नाही. पाच फूट दोन इंचाच्या आसपासच्या व्यक्तीचं कोपर साध्या खुर्चीत जमिनीपासून २६-२७ इंचांवर येतं. म्हणजे हात सगळा वेळ तीन इंच वर उचललेले, आणि संध्याकाळी खांदे दुखले की वाटतं कामाचा कंटाळा आला. उपाय घरातच असतो: खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी किंवा जाड उशी ठेवून बूड तीनेक इंच वर घ्या. मग पाय लोंबकळतील, त्यांच्याखाली पाट द्या, एक पुरला नाही तर दोन. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हाताएवढं. पण स्क्रीन वर गेली की कीबोर्डही वर जातो, म्हणून वेगळा कीबोर्ड-माउस घ्यावाच लागतो. घरून काम करायचं म्हणून एकच वस्तू विकत घ्यायची असेल, तर भारी खुर्चीच्या आधी ही जोडी घ्या. खिडकी बाजूला असू द्या. पाठीमागे आली तर मीटिंगमध्ये चेहरा काळा दिसतो, समोर आली तर डोळे दिपतात.

पलंगावर बसून काम करू नका. मानेचं दुखणं हे एक कारण झालं. पलंगावर दिवसभर मेल वाचल्या की रात्री तिथेच पाठ टेकल्यावर डोक्यात मेलच फिरतात, हे दुसरं आणि जास्त महागात पडणारं.

सुरुवात कशी होते

उत्साह आला की बसू, असं म्हणणाऱ्याचे साडेअकरा वाजतात. सुरुवात आदल्या संध्याकाळी करायची असते. काम थांबवताना ट्रेमध्ये एक चिठ्ठी ठेवा, तिच्यावर एकच ओळ. 'रिपोर्ट पूर्ण करणे' ही ओळ कुचकामाची, कारण सकाळी तिच्याकडे बघून पहिल्यांदा विचार करावा लागतो, आणि विचार करायचा म्हटलं की माणूस चहा ठेवायला उठतो. 'तिसऱ्या तक्त्यात जूनचे आकडे भरणे' ही ओळ चालते. ती वाचून हात आपोआप फाइलीकडे जातो. दहा मिनिटांत जून भरला जातो आणि जुलै समोरच असतो.

कठीण काम संध्याकाळी अगदी टोकाला नेऊन संपवू नका. पुढची पायरी ठाऊक असताना, वाक्य किंवा फंक्शन अर्धं असतानाच थांबा. दुसऱ्या दिवशी ते अर्धं वाक्य आपल्याला ओढून नेतं. पूर्ण झालेल्या कामानंतरची सकाळ नेहमी जड असते.

आंघोळ आधी, काम नंतर. 'एक मेल बघून जातो' म्हणणाऱ्याची आंघोळ दीडला होते, आणि मग जेवण, झोप, सगळंच पुढे सरकतं. चहा मात्र पहिल्या अर्ध्या तासानंतर घ्या. आधीच घेतला तर चहाबरोबर पेपर येतो, पेपराबरोबर चर्चा.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी, ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी स्वतःच्या अभ्यासासाठी काढली. स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून तिचं नाव पोमोदोरो. सुरुवात होत नसेल तेव्हा ती उत्तम चालते, कारण पंचवीस मिनिटांना कुणी घाबरत नाही. पण कोडिंग किंवा मोठं लेखन करताना पंचविसाव्या मिनिटाला कुठे गती आलेली असते, आणि टायमर ती मोडतो. तिथे पन्नास-दहा करा. खरी गडबड कामात होत नाही, सुट्टीत होते. पाच मिनिटांसाठी हातात घेतलेला फोन अर्ध्या तासाने खाली ठेवला जातो, कारण रीलला शेवट नसतो. सुट्टी अशी घ्या जी आपली आपण संपते: पाण्याची बाटली भरणं, कुंड्यांना पाणी, कोथिंबिरीची अर्धी जुडी निवडणं, एक बादली कपडे वाळत घालणं. बादली रिकामी झाली की सुट्टी संपली.

'फोन दुसऱ्या खोलीत ठेवा' हा सल्ला आपल्याकडे अर्धवटच चालतो. लॉगिनला ओटीपी लागतो, ऑफिसचं ऑथेंटिकेटर ॲप फोनवरच असतं. त्यामुळे फोन जवळ राहणार हे धरूनच चला. अँड्रॉइडवर फोकस मोड आहे, त्यात त्रास देणारी ॲप्स निवडून ठराविक वेळेपुरती बंद करता येतात, एसएमएस येतच राहतात. सोसायटीचा, शाळेचा आणि चुलत-मावस भावंडांचा ग्रुप 'नेहमीसाठी' म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. घरच्यांना सांगून ठेवा की तातडीचं असेल तर साधा फोन करा. आणि लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप वेब लॉग-आउट करा. हे राहून गेलं तर बाकी सगळी व्यवस्था पाण्यात, कारण लक्ष फोनवरून उठून ब्राउझरच्या टॅबमध्ये जाऊन बसतं.

'घरीच तर आहेस'

हे वाक्य ज्याला ऐकावं लागतं त्याचा, आणि बहुतेक वेळा तिचा, दिवस कुठे जातो याला आकडा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात सरासरी २९९ मिनिटं रोज वेळ जात होता. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. पाच तासांचं काम आधीच अंगावर असताना त्याच छताखाली आठ तासांची नोकरी आली, की 'तुला टाइम मॅनेजमेंट जमत नाही' असं म्हणणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. वहीतल्या 'उ' खुणा मोजून, कोणता 'उ' कुणाचा हे घरात बसून वाटून घेणं हाच इथे मार्ग आहे. दारावरची बेल एकाची, पाण्याची मोटर दुसऱ्याची, दुपारचं ताट ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. तोंडी वाटणी चार दिवस टिकते. वहीच्या त्याच पानावर 'उ'समोर नाव लिहा आणि पान फ्रिजवर लावा.

वडीलधाऱ्यांना नियम सांगून उपयोग होत नाही, वेळ सांगितली तर होतो. 'आई, मला डिस्टर्ब करू नका' यात राग दिसतो. 'आई, साडेबाराला बाहेर येते, मग आपण जेवायला बसू' यात वेळ दिसते, आणि त्या वेळेला खरंच बाहेर आलं तर दुसऱ्या आठवड्यापासून दार कुणी ढकलत नाही. साडेबारा म्हणून दीडला बाहेर येणाऱ्याचा शब्द तिसऱ्या दिवशी संपतो. कानाला हेडफोन म्हणजे काम चालू आहे, ही खूण वडीलधाऱ्यांपर्यंत पोचत नाही. त्यांना वाटतं गाणी चालली आहेत. दाराच्या कडीला रंगीत पंचा अडकवा. तो दुरूनही दिसतो.

पाच-सहा वर्षांखालचं मूल घरात जागं असेल तर डोक्याचं काम होणार नाही. यावर युक्ती नाही, वाटणीच करावी लागते: दोन तास एकाने, दोन तास दुसऱ्याने. पाळणाघर परवडत असेल तर दोन्ही पालक घरी असले तरी पाठवावं, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

वीज, नेट आणि गुरुवार

पुण्यात महावितरणचं देखभालीचं काम बहुतेक गुरुवारी निघतं आणि महापालिकेचं पाणीही अनेकदा त्याच दिवशी बंद असतं. तुमच्या गावी दुसरा वार असेल. तो वहीत लिहा आणि त्या दिवशी महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकाला मोबाइल जोडलेला असेल तर बंदची सूचना एसएमएसने येते. बऱ्याच भाडेकरूंच्या बाबतीत तो एसएमएस घरमालकाला जातो, कारण नंबर त्याचा असतो.

राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यायचा तर ॲडॅप्टरवरचं लेबल आधी वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. पिनही जाड-बारीक असते, तीही जुळली पाहिजे. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन आउटपुट लागतात, आणि दुकानातून परत आल्यावरच हे लक्षात येतं. राउटर ८ वॅट खात असेल आणि यूपीएसमध्ये ३० वॉट-अवरची बॅटरी असेल, तर घट धरून तीन तास मिळतात. इतकं करूनही वीज गेल्यावर नेट जात असेल तर दोष तुमच्या घरात नसतो. जिन्याखाली किंवा गच्चीवर केबलवाल्याचा जो डबा असतो त्याला बॅकअप नसतो. त्याला गाठून विचारा, कधीकधी एका जुन्या बॅटरीवर काम भागतं.

घरच्या १५० ॲम्पिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीतून प्रत्यक्षात हजार-अकराशे वॉट-अवर हाती लागतात. पंखा ७५, लॅपटॉप ६०, दिवा आणि राउटर मिळून २० वॅट धरले तर सात तास निघतात. त्यावर मिक्सर लावला तर बोंब. डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर दोन महिन्यांनी बघा आणि पहिल्या वळवाच्या आधी एकदा नक्कीच, कारण वीज जाण्याचा सीझन तिथूनच सुरू होतो.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ मीटिंग तासाला साधारण एक जीबी खाते. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन दुपारीच संपतो. कॅमेरा बंद करा, नुसत्या आवाजाला फार थोडा डेटा लागतो. आणि आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडे वायफायचा ५ गिगाहर्ट्झवाला बँड टिकत नाही, तिथे २.४ वापरा. मायक्रोवेव्ह चालू असताना हाच बँड अडखळतो, हेही ध्यानात ठेवा. टेबल राउटरजवळ असेल तर लॅनची केबल जोडा आणि हा विषय कायमचा मिटवा.

दुपार आणि शेपूट

दीड-दोनच्या सुमाराला डोळे मिटतात, भाताने थोडे जास्तच. त्याच्याशी झगडत स्क्रीनसमोर तासभर डुलक्या घेण्यापेक्षा वीस मिनिटांची वामकुक्षी घ्या. गजर लावून, चटईवर. गादीवर आणि पंख्याखाली वीस मिनिटांचा दीड तास होतो, आणि गाढ झोपेतून मोडून उठलेलं डोकं पुढचा अर्धा तास कामाचं नसतं. साडेतीननंतर आडवं होऊ नका, रात्र बिघडते.

परदेशी टीमबरोबर काम असेल तर दिवसाला संध्याकाळी शेपूट फुटतं. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात, ब्रिटनची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस एक आठवडा भारत, अमेरिका आणि ब्रिटन या तिघांचं गणित चुकतं आणि मीटिंगला एकटंच जाऊन बसावं लागतं. शेपूट टाळता येत नसेल तर दिवसाचं डोकंही पुढे सरकवा: सकाळी ११ ला सुरुवात, साडेचार ते साडेसहा लॅपटॉप पूर्ण बंद, मग कॉल. सकाळी ९ ला बसून रात्री साडेनऊला उठणारा माणूस महिना-दोन महिन्यांत चिडचिडा होतो, आणि कारण स्वतःलाही कळत नाही.

कॉल संपल्यावर चिठ्ठी, ट्रे कपाटात, आणि दहा मिनिटं खाली. दूध आणायला, कढीपत्ता आणायला, काहीही. आधी ऑफिस ते घर हा जो प्रवास होता, त्याची ही छोटी बदली.

तरीही बसवत नाही तेव्हा

लक्षणं वेगवेगळी असतात, औषधही वेगळं. खुर्चीत बसता पण फाइल उघडवत नाही, तर काम नेमकं काय करायचं हेच ठरलेलं नसतं. कुणाला काय विचारायचं ते एका ओळीत लिहा आणि विचारा. फाइल उघडते पण दर पाच मिनिटांनी मन भटकतं, तर पुन्हा वहीकडे जा, नवा 'उ' कुठून आला ते शोधा. आणि काम रोज पूर्ण होतं पण मनात काहीच उमटत नाही, तर बहुधा ते कुणी बघतच नाही. सीट्रिपच्या त्याच प्रयोगाच्या शेवटी निवड दिली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ऑफिसला परतायचं ठरवलं, एकटेपणा हे मोठं कारण. तेवढंच काम करूनही घरी बसणाऱ्यांची बढतीची शक्यता कमी झाली होती. म्हणून दर शुक्रवारी बॉसला पाच ओळींचा मेल: काय झालं, काय अडलं, पुढे काय. यात चमचेगिरी नाही, फक्त नोंद आहे. आठवड्यातून एक दिवस घराबाहेर काम करा. शहरात आणि तालुक्याच्या गावीही आता अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांमध्ये मान खाली घालून बसलं की आपलीही मान खाली राहते. तिथे फोनवर बोलता येत नाही, त्यामुळे तो दिवस फक्त डोक्याच्या कामाचा ठेवा.

वही वर्षातून तीन-चार वेळा नव्याने भरावी लागते. मे महिन्याच्या सुट्टीत मुलं दिवसभर घरी, त्यामुळे शांत तुकडा पहाटे ६ ते ८ असा सरकतो. दिवाळीआधीचा आठवडा फराळाचा. चकल्या तळल्या जात असताना डोक्याचं काम काढणाऱ्याने स्वतःलाच बोल लावावा. गणपतीत पाहुणे आणि आरती. पुण्यात तर ढोल-ताशांचा सराव कितीतरी आठवडे आधी सुरू होतो, रोज संध्याकाळी, ठरल्या वेळेला. तेवढे आठवडे त्या वेळेच्या मीटिंगा दुपारच्या तुकड्याच्या शेवटी ढकला आणि रकान्यात मोठा 'आ' लिहून ठेवा.